बहिणीला आरोपी ठरवणारी इंग्रजी

वाटपाच्या दाव्यात बहिणीला प्रतिवादी करावेच लागते. पेण-रोह्याकडे वडिलोपार्जित भातशेतीचा दावा लागला की झाडून सगळे हिस्सेदार त्यात आणावे लागतात. दावा लावणाऱ्यांत जो नाही तो प्रतिवादी. तिने काही गुन्हा केला म्हणून नव्हे, सात-बाऱ्यात तिचा हक्क आहे म्हणून. आणि तिच्या हातात इंग्रजी नोटीस पडते ती तिला ‘अक्यूज्ड’ म्हणणारी. अशी नोटीस मी स्वतः वाचली आहे. लिहिणारा सनदधारक वकील होता. भावाने आपल्याला आरोपी केले, एवढेच त्या बाईला कळले आणि माहेरचा उंबरठा तुटला. याला मी चूक म्हणत नाही, हा निष्काळजीपणाचा माज आहे.

दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 ची आहे. तिच्यात प्लेन्टिफ आणि डिफेन्डन्ट आहेत, अक्यूज्ड नाही. अमेरिकी मालिका बघून फौजदारीतल्या आरोपीला डिफेन्डन्ट लिहिणारे वेगळेच. तिकडे तसे चालते, आपल्या फौजदारी कायद्यात तो अक्यूज्डच. इंग्लंडने 1999 मध्ये प्लेन्टिफ टाकून क्लेमंट घेतला. ते मसुदे जसेच्या तसे उचलून आपल्या दिवाणी दाव्यात घुसडणारेही मी पाहतो. आपल्याकडे क्लेमंट म्हणजे अपघाताची भरपाई मागणारा, किंवा मुंबई-गोवा महामार्गात जमीन गेल्यावर वाढीव मोबदल्यासाठी लवादापुढे उभा राहणारा शेतकरी.

अपिलात तर गोंधळाला सीमा नाही. रोह्यात हरलेला प्रतिवादी वर गेला की अपेलंट होतो आणि जिंकलेला वादी रिस्पॉन्डन्ट. हे कुणी समजावून सांगत नाही. जिंकलेला म्हातारा शेतकरी ‘जाब देणार’ म्हणून आपले नाव पाहतो आणि निकाल उलटला असे समजून हातपाय गाळतो. पोलीस केसमध्ये खटला महाराष्ट्र शासन चालवते, हेही फिर्यादीला माहीत नसते; केस आपली, आपण ती हवी तेव्हा मागे घेऊ, अशा समजुतीत तो राहतो. चेक न वटल्याच्या कलम 138 च्या केसमध्ये मात्र तक्रारदार स्वतःच पक्षकार असतो.

नुसत्या शुद्धलेखनाचा हा प्रश्न असता तर मी लेखणी उचलली नसती. समन्स मिळाल्यापासून प्रतिवादीने 30 दिवसांत कैफियत द्यायची असते. फार तर न्यायालय कारण नोंदवून 90 दिवसांपर्यंत मुदत देते. आपण या दाव्यात कोण, हेच ज्याला कागदावरून कळले नाही, तो घरी बसतो आणि त्याच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा होतो.

राज्यघटनेच्या कलम 348 प्रमाणे इंग्रजी उच्च न्यायालयात लागते. राज्यातल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा 21 जुलै 1998 च्या अधिसूचनेने मराठी केली. वादी, प्रतिवादी, अपीलकर्ता, आरोपी, तक्रारदार हे शब्द पेणच्या कोर्टाबाहेर बाकावर बसलेल्या कुणालाही समजतात. ज्या वकिलाला इंग्रजी नीट लिहिता येत नाही, त्याने पक्षकाराच्या पैशावर ती शिकू नये; नोटीस मराठीत काढावी.