ठपका शुगरवर, चूक तारखेची

‘लॉकडाऊनमध्ये घरी बसून खात राहिले, शुगर वाढली आणि डोळे गेले.’ करोनाकाळात नजर गमावलेल्या मधुमेहींबद्दल हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. या एका वाक्यात सगळा दोष रुग्णाच्या ताटात जातो. ते अन्यायाचं तर आहेच, शिवाय खोटंही आहे.

टाळेबंदीत सरसकट सगळ्यांची शुगर बिघडली, हेच मुळात खरं नाही. इटली, स्पेन, ब्रिटनमधल्या टाइप १ रुग्णांच्या सेन्सरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अनेकांची साखर उलट सुधारलेली निघाली. जेवणं वेळेवर झाली, धावपळ थांबली. ज्यांचा रोजगार गेला, औषध मिळेना, त्यांची बिघडली. करोना झालेल्यांची स्टिरॉइडमुळेही उसळली.

पण वाढली असं धरलं, तरी काळाचा हिशेब जुळत नाही. अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ टाइप १ रुग्णांवरचा, १९९३ साली प्रसिद्ध झालेला डीसीसीटी हा अभ्यास सरासरी साडेसहा वर्षं चालला. शुगर काटेकोर ठेवणारे आणि न ठेवणारे यांच्या डोळ्यांच्या पडद्यांतला फरक ठळक व्हायला त्यात जवळपास तीन वर्षं लागली. शुगरचा मार पडद्यावर असा वर्षानुवर्षांचा असतो. चार-पाच महिन्यांच्या खाण्यानं चांगला पडदा एकाएकी निकामी होत नाही.

मग नजर गेली कशी? पडदा आधीच दुखावलेला होता आणि त्याचे उपचार तुटले. पडद्याच्या मध्यभागी सूज आली की डोळ्यात इंजेक्शन देतात, सुरुवातीला साधारण दर महिन्याला. त्याचा असर काही आठवड्यांत ओसरतो आणि सूज परतते. महाराष्ट्रात जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी मार्च २०२० मध्ये थांबली, ती २० ऑगस्टला सुरू झाली. इंजेक्शनसाठी दुसऱ्या जिल्ह्यात जाणाऱ्या माणसानं या पाच महिन्यांत काय करायचं होतं? ज्यांच्या पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या, त्यांच्या डोळ्यात रक्तस्राव होण्याचा, पडदा ओढला जाऊन सुटण्याचा धोका रोज वाढत होता. आणि हे दुखत नाही! म्हणून तर ‘डोळ्याचं काय, नंतर बघू’ म्हणणं सोपं गेलं.

संसर्ग टाळायला दवाखाने थांबवणं भाग होतं, हा आक्षेप मी अर्धाच मानतो. चष्म्याचा नंबर थांबू शकतो. वर्षाची तपासणी काही आठवडे पुढे ढकलली तरी बहुतेकांचं बिघडत नाही. इंजेक्शन चालू असलेला डोळा त्या रांगेत बसवणं ही चूक होती. त्याची निकड डायलिसिसच्या जातीची आहे.

उपचार ठरवतानाही डॉक्टरांनी रुग्णाचं गाव विचारलं पाहिजे. नव्या रक्तवाहिन्यांच्या आजारात इंजेक्शनवर ठेवलेला रुग्ण सहा महिन्यांहून अधिक काळ आलाच नाही, तर लेसर झालेल्या रुग्णापेक्षा त्याचा डोळा जास्त बिघडतो, हे करोनाच्या आधीच दिसून आलं होतं. लेसरचं काम रुग्ण आला नाही तरी टिकतं. ज्याची एसटी कधीही बंद पडू शकते, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

आणि केसपेपरवर शुगरच्या आकड्याशेजारी दोन नोंदी हव्यात: पुढच्या इंजेक्शनची तारीख, आणि ती चुकली तर दुसऱ्या दिवशी रुग्णाला फोन कोण करणार त्याचं नाव.