जालन्याला वॉटरप्रूफ कॅमेरा कशाला?

कॅमेरा घ्यायचा म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो किती मेगापिक्सेल, दुसरा झूम किती, आणि तिसरा कुठे स्वस्त मिळेल. घेतल्यावर तो राहणार कुठे, हे कोणीच विचारत नाही. राहणार म्हणजे अगदी शब्दशः. खिशात, पर्समध्ये, बाईकच्या डिकीत, की कपाटात साड्यांच्या खाली? माझ्या मते सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारायला हवा. त्याचं खरं उत्तर दिलं तर निम्मी खरेदी तिथेच ठरते.

विषय निघाला तो माझ्या मामेभावामुळे. अंबड तालुक्यात त्यांची मोसंबीची बाग आहे आणि त्याला कॅमेरा घ्यायचाय. सॉफ्टवेअरवाल्याला टीव्ही, मिक्सर आणि इन्व्हर्टर या सगळ्यातलं कळतं असा नातेवाईकांचा पक्का समज असल्यामुळे "दादा, तूच सांग" म्हणून प्रश्न माझ्याकडे आला :) त्याने स्वतःच शोधून दोन पर्याय काढले होते. एक, कॅननचा पॉवरशॉट एल्फ ३६० एचएस ए. मूळ २०१६ चं मॉडेल, जुन्या डिजिकॅमची फॅशन परत आली म्हणून कंपनीने २०२५ मध्ये किरकोळ बदल करून पुन्हा बाजारात आणलेलं. दुसरा, ओएम सिस्टीमचा टफ टीजी-७. ऑलिम्पसचा कॅमेऱ्याचा धंदा २०२१ मध्ये वेगळ्या कंपनीकडे गेला, तिने २०२३ मध्ये काढलेला हा मजबूत, वॉटरप्रूफ कॅमेरा.

कागदावर पाहिलं तर पहिला सरळसरळ जिंकतो. जाडी जेमतेम २३ मिलिमीटर, वजन दीडशे ग्रॅमच्या आत, २० मेगापिक्सेल, १२ पट झूम. दुसरा ३३ मिलिमीटर जाड, अडीचशे ग्रॅमचा, १२ मेगापिक्सेल, फक्त ४ पट झूम. वर महागही. अमेरिकेत जाहीर झाली तेव्हा पहिल्याची किंमत ३८० डॉलर होती आणि दुसऱ्याची ५५०. मग जास्त पैसे कशाचे? तर १५ मीटर खोल पाण्यात चालतो, २.१ मीटरवरून पडला तरी चालतो, १०० किलोचा दाब सोसतो आणि उणे १० अंशांत गारठत नाही.

यावर मामेभावाचा प्रश्न बिनतोड होता. "दादा, पंधरा मीटर पाणी आणायचं कुठून?"

खरंच आहे. जालना जिल्ह्यात वर्षाला पाऊस सहाशे-सातशे मिलिमीटर, तोही मनात आलं तर. आमच्या भागात उन्हाळ्यात विहिरीत पंधरा मीटर खाली उतरलं की पाणी दिसायला सुरुवात होते! आणि उणे १० अंश पाहायचे तर मोसंबीच्या कोल्ड स्टोरेजवाल्यालाही मशीन जास्तच फिरवावं लागेल. ही सगळी यादी दर्यात बुड्या मारणाऱ्या आणि बर्फात घसरणाऱ्या माणसासाठी लिहिलेली आहे. तो माणूस आपल्याकडे राहत नाही.

पण माझं म्हणणं असं की जालन्यात वॉटरप्रूफ कॅमेरा घ्यायचा तो पाण्यासाठी नाहीच. धुळीसाठी घ्यायचा.

हे समजायला थोडं आत डोकवावं लागेल. स्लिम कॅमेरा चालू केला की लेन्स बाहेर येते, दोन-तीन नळ्या एकातून एक निघतात तशी. बंद केला की परत आत. ह्या नळ्यांमध्ये बारीक फट ठेवावीच लागते, नाहीतर त्या सरकणार कशा? आणि नळी बाहेर येताना आतली जागा वाढते, म्हणजे हवा आत ओढली जाते, सायकलच्या पंपासारखी. हवेबरोबर धूळ. ती दोनच ठिकाणी जाते. एकतर सेन्सरवर बसते आणि मग प्रत्येक फोटोत आभाळात त्याच जागी काळसर ठिपका येतो. किंवा नळीच्या दात्यांत अडकते, लेन्स अर्धी बाहेर अर्धी आत थांबते, आणि स्क्रीनवर लेन्स एरर. लेन्स निघणारी नसल्यामुळे घरी साफ करता येत नाही. पूर्ण कॅमेरा उघडावा लागतो, आणि उघडणाऱ्याची मजुरी ऐकून माणूस नवीनच बघायला लागतो.

टफ प्रकारात लेन्स बाहेर येतच नाही. पुढे एक काच, तिच्यामागे प्रकाश काटकोनात वळवला जातो, आणि झूमची सगळी हालचाल पोटातल्या पोटात होते. गंमत म्हणजे ही युक्ती मजबुतीसाठी निघालेली नाही, बारीकपणासाठी निघाली. मिनोल्टाच्या डिमाज एक्सने २००२ मध्ये अशी घडी घातलेली झूम लेन्स आणली ती फक्त २० मिलिमीटरच्या जाडीत झूम बसवायला. त्याच वर्षी कॅसिओचा एक्झिलिम एस१ आला, ११.३ मिलिमीटरचा, क्रेडिट कार्डाएवढा. त्यात झूमच नव्हता. पुढे लोकांच्या लक्षात आलं की लेन्स बाहेर येत नसेल तर कॅमेरा सीलबंद करणं सोपं जातं. म्हणजे नाजूक आणि दणकट हे दोघे एका अर्थी चुलतभाऊ आहेत, एक शहरात नोकरीला गेला आणि एक शेती बघायला राहिला, एवढाच फरक.

टीजी-७ च्या माहितीपत्रकात आयपी६एक्स असं एक बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. जाहिरातीत पाण्याचे थेंब उडताना दाखवतात, ह्या आकड्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. आयपी मानांकनात पहिला आकडा धुळीचा असतो, दुसरा पाण्याचा. धुळीत ६ च्या वर आकडाच नाही. ६ म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही. आमच्यासाठी जादा पैसे ह्या एका आकड्याचे.

धूळ म्हणजे काय ते पुण्यात राहून कळत नाही. इथे धूळ म्हणजे गाडीच्या काचेवर बोटाने नाव लिहिण्यापुरती. तिकडे कच्च्या रस्त्याचा फुफाटा असतो, घोट्यापर्यंत पाय जातो इतका मऊ. सोयाबीनची मळणी चालू असली की मशीनजवळ उभा असलेला माणूस ओळखू येत नाही. जालना शहरात लोखंडाच्या कारखान्यांच्या बाजूला गेलात तर वेगळीच काळी धूळ. आणि धुळवडीला निघणारी हत्ती रिसाल्याची मिरवणूक, निजामाच्या काळापासून चालत आलेली, तिच्यात तर रंग, गुलाल आणि पाणी तिन्ही एकदम. तिथे स्लिम कॅमेरा बाहेर काढणं म्हणजे त्याला शेवटचा नमस्कार करणं.

उन्हाचं मात्र दोन्हींत उत्तर नाही. दोघांच्याही माहितीपत्रकात कमाल तापमान ४० अंशच लिहिलेलं आहे, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा सहज ४२ च्या पुढे जातो. थंडीत चालतो हे मोठ्या अक्षरात छापतात, उन्हाचं शेवटच्या पानावर. तेव्हा कुठलाही घ्या, डिकीत आणि ट्रॅक्टरच्या सीटवर ठेवू नका.

आता धुळीची ही गोष्ट मला फक्त तांत्रिक का वाटत नाही ते सांगतो.

मामाकडे २०१० च्या सुमारास एक स्लिम कॅमेरा आला होता. चंदेरी रंगाचा, मुंबईच्या मावशीने दिलेला. घरातली सगळ्यात जपलेली वस्तू. आधी पाऊच, त्यावर प्लास्टिकची पिशवी, त्यावर रुमाल, आणि मग लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये. लग्न, बारसं, साखरपुडा असला की निघायचा. शेतात न्यायचं नाव काढलं की आजोबा म्हणायचे, "फुफाट्यात खराब होईल रे, राहू दे." आणि त्यांचं अजिबात चुकत नव्हतं. वर सांगितलं तसं, तो कॅमेरा शेतात नेण्यासाठी केलेलाच नव्हता.

२०१२ ला पावसाने दगा दिला. २०१३ च्या उन्हाळ्यात मी दहावीची परीक्षा देऊन मामाकडे गेलो होतो. त्या दुष्काळात जालना जिल्हा सगळ्यात जास्त होरपळलेल्यांपैकी एक. लोकांनी टँकरने पाणी आणून मोसंबी जगवायचा प्रयत्न केला, तरी जिल्हाभर बागाच्या बागा वाळल्या. आजोबांनी लावलेली साडेतीनशे झाडं होती. मे महिन्यात तोडायला काढली आणि सरपणाच्या भावाने गेली.

आज त्या बागेचा एकही फोटो नाही. आजोबांचे फोटो आहेत, भरपूर आहेत. सगळे धुतलेल्या धोतरात, कडक टोपीत, लग्नाच्या मंडपात, कॅमेऱ्याकडे बघत ताठ उभे. आळ्यात उकिडवे बसून खुरपं चालवणारे आजोबा, म्हणजे जे आम्हाला रोज दिसायचे ते, एकाही फोटोत नाहीत. २०१६ ला ते गेले. कॅमेरा मात्र आहे. अजून नव्यासारखा दिसतो. आतलं २ जीबीचं कार्ड अर्धंही भरलेलं नाही.

आपल्या बहुतेक घरांतल्या अल्बमचं हेच आहे. सणवार सगळे आहेत, काम कुठेच नाही. शेतकऱ्याच्या घरात शेताचे फोटो नाहीत. आई फोटोत आहे ती पैठणीत, पिठाच्या हातांनी नाही. ह्यात कोणाचा दोष नाही. ज्या वस्तूला जपावं लागतं ती वस्तू जिथे काम चालतं तिथे जातच नाही.

"पण आता फोन आहे ना!" बरोबर. म्हणून तर २०१० मध्ये जगभरातून वर्षाला १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाहेर पडत होते आणि २०२३ मध्ये ते ८० लाखांच्याही खाली आले. बारीकपणाची शर्यत तर फोनने केव्हाच जिंकली. २०२५ चा आयफोन एअर ५.६ मिलिमीटरचा आहे, आणि वर वॉटरप्रूफसुद्धा. पण त्याच फोनमध्ये बँक आहे, ओटीपी आहे, ऑफिसचं लॉगिन आहे. तो पाण्यात पडला तरी चालेल असं कंपनी म्हणते, आपलं मन म्हणत नाही. पुतण्याच्या हातात देऊन "जा, गोठ्यात फोटो काढ" असं आपण फोनच्या बाबतीत कधीच म्हणणार नाही. म्हणजे कपाटातल्या कॅमेऱ्याची जागा फोनने घेतली, पण जपणं तेच राहिलं.

म्हणून मला वाटतं, आजच्या दिवसात वेगळा कॅमेरा घ्यायचा तर तो फोनपेक्षा बारीक किंवा सुंदर असून उपयोग नाही. तो फोनपेक्षा बेफिकीर असला पाहिजे.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मला कोणी कमिशन देतंय असं वाटायचं. टफ कॅमेऱ्याचा फोटो काही फार भारी नसतो. सेन्सर छोटा, कडा थोड्या मऊ, आणि रात्रीच्या उजेडात चांगला फोन त्याला मागे टाकतो. चार पट झूमने झाडावरचा पक्षी दिसत नाही. दारांच्या कडेला जी रबरी सील असते ती कंपन्या वर्षाला बदलायला सांगतात, आणि तिच्यावर एक केस जरी अडकला तरी पाणी आत जातं. सेकंडहॅंड टफ घेतलात तर तो वॉटरप्रूफ आहे हे विसरूनच जा. सील किती म्हातारी आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

आणि ज्याचं आयुष्य घर, ऑफिस, लग्न आणि गोव्याची ट्रिप एवढ्यात आहे, त्याने खुशाल स्लिम घ्यावा. कॅननचा फ्लॅश फोनच्या लाईटपेक्षा खरंच चांगला असतो, झूम मोठा, आणि शर्टच्या खिशात बसतो. मात्र बीचवर वाळूत काढू नका, एवढंच.

मामेभावाच्या बाबतीत मात्र मला शंका नव्हती. त्याने दुष्काळानंतर पुन्हा बाग लावली आहे. टफमध्ये एक सेंटीमीटरपर्यंत जवळ जाऊन फोटो काढता येतो, त्यामुळे पानामागचा कोळी किंवा कोवळ्या फुटीवरचा सायला नीट दिसेल असा फोटो कृषी अधिकाऱ्याला पाठवता येईल. फवारणी करून आल्यावर कॅमेरा साध्या पाण्याखाली धरून धुता येईल. मामी पिठाच्या हाताने उचलू शकेल.

शेवटी त्याला टीजी-७ सांगितलाय, दोन अटींवर. पाऊच घ्यायचं नाही, फक्त मनगटाला अडकवायचा पट्टा घ्यायचा. आणि कपाटात ठेवायचा नाही. दाराजवळच्या खुंटीला टांगायचा, जिथे ट्रॅक्टरची किल्ली असते तिथे.