सिकंदरची गदा आणि राहिलेली साडेपाच मिनिटं

फुलगावची कुस्ती संपली तेव्हा परभणीत स्टेशन रोडच्या हॉटेलात आमच्या पुढ्यातला चहा अजून गरम होता. मोबाईल पाण्याच्या जगला टेकवून आम्ही सहा-सात जण बसलो होतो. एक जण बिस्किट आणायला काउंटरवर गेला आणि परत आला तर सिकंदर शेख खांद्यावर. "काय झालं? लागली का कुस्ती?" लागली नाही, संपली. 10 नोव्हेंबर 2023 ला पुणे जिल्ह्यातल्या फुलगावात सिकंदरनं शिवराज राक्षेला झोळी डावावर अर्ध्या मिनिटाच्या आत चीत केलं आणि महाराष्ट्र केसरीची गदा घेतली.

त्या रात्री आपल्या मोहल्ल्यांतल्या किती स्टेटसवर सिकंदर होता हे तुम्हीही पाहिलंय. मोहोळच्या हमालाचा पोरगा, कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडलेला, दहा महिन्यांपूर्वी सगळ्या महाराष्ट्राला ज्याच्याबद्दल हळहळ वाटली तो. आनंद झालाच पाहिजे. पण आता महिना उलटलाय, जत्रांचा हंगाम तोंडावर आलाय आणि गप्पा सुरू झाल्यात की शिवराज आणि सिकंदर पुन्हा कधी भिडणार. "परत लावा, परत तेच होईल," असं आपली पोरं छाती ठोकून सांगतायत. मला तेवढी खात्री नाही. सिकंदरवर माझा जीव आहे म्हणूनच नाही.

ज्या कुस्तीवर आपण एवढे खूश आहोत, ती कुस्ती सिकंदरबद्दल फार काही सांगत नाही. सांगते ती जानेवारीची, हरलेली.

14 जानेवारी 2023, पुण्यात कोथरूड. माती विभागाच्या अंतिम फेरीत समोर महेंद्र गायकवाड, तोही सोलापूर जिल्ह्यातलाच. महेंद्रनं बाहेरची टांग मारली, सिकंदर खाली आला आणि पंचांनी महेंद्रला चार गुण दिले. तिथून पुढं जे झालं ते कुस्तीपेक्षा मोठं झालं. क्लिप हळू करून, गोल करून, बाण काढून फिरली. पंचांना फोनवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांत गेली. आणि आपल्याकडे, खोटं कशाला बोलू, बऱ्याच जणांनी त्यात नाव आणि आडनाव वाचलं. "शेख होता म्हणून दिले चार."

नियम काय आहे तो सरळ सांगतो. उभ्या कुस्तीतून समोरच्याला खाली आणून ताबा घेतला की दोन गुण. पण फेकतानाच त्याची पाठ जमिनीकडे वळली, म्हणजे तो धोकादायक स्थितीत गेला, तर चार. सगळा वाद एवढाच, की सिकंदर कुशीवर पडला की पाठीवर. मी ती क्लिप वीसएक वेळा पाहिली असेल. माझं मत दोनच्या बाजूला झुकतं. पण मी परभणीत खुर्चीवर बसून, हळू केलेल्या क्लिपवर बोलतोय आणि पंचाला तो निर्णय डोळ्याची पापणी लवायच्या आत द्यायचा होता. नावाचं म्हणाल तर सिकंदरसाठी सगळ्यात मोठ्यानं ओरडले ते कोल्हापूरचे लोक आणि त्यातले बहुतेक शेख-पठाण नव्हते. त्याच्या तालमीचे वस्तादही नाहीत. याच गदेच्या यादीत सोलापूरचे अप्पालाल शेख 1992 ला आहेत, मुन्नालाल शेख 2002 ला, बीडचा सईद चाऊस 2005 ला, बाला रफिक शेख 2018 ला. आपलं नाव या आखाड्यात उपरं कधीच नव्हतं.

दोन की चार यावर आपण महिनाभर भांडलो. ती टांग बसलीच कशी, हे विचारणारे मला दोनच जण भेटले. त्यातले एक माझे मामू. तरुणपणी मानवतकडच्या जत्रांमध्ये नारळावरच्या कुस्त्या मारलेला माणूस. ते म्हणाले, "पोरगा उभा किती होता बघ. कंबर वर, पाय पुढं, छातीला छाती. बाहेरच्या टांगेला याच्यापेक्षा बरं आमंत्रण काय असतं?"

बरोबर बोलले. बाहेरची टांग हा दांडग्या, उंच पैलवानाचा डाव. तो तुमच्या खांद्याला, काखेला बिलगतो, तुमचं वजन एका पायावर आणतो, मग बाहेरून पायात पाय घालतो आणि अंग टाकतो. यातून सुटायचं तर आधीच खाली बसावं लागतं. म्हणजे गुडघे वाकलेले, कंबर मागं, कपाळ समोरच्याच्या छातीवर आणि मधे हाताचं अंतर. महेंद्रसारख्या धिप्पाड गड्याच्या मिठीत सरळ उभं राहणं म्हणजे त्याच्या वजनाला आपणच मदत करणं.

सिकंदरसारखा पैलवान असं का करतो? मला वाटतं याचं उत्तर आपल्या जत्रांमध्ये आहे. सिकंदर हा मैदानी कुस्तीचा राजा. हलगी वाजते, निवेदक माईकवर नाव घेतो, लोक उभे राहतात आणि कुस्ती निकाली. तिथं गुण नाहीत. रेषेबाहेर गेलात तर पंच परत मधे आणतो, काही जात नाही. खाली आलात तरी पाठ लागली नाही तोवर काही हरलेलं नसतं. उलट खालून फिरून समोरच्याला चीत करणाऱ्याला जास्त टाळ्या. या मैदानांनी त्याला बुलेट दिल्या, ट्रॅक्टर दिले, चांदीच्या गदा दिल्या, घर चालवलं. त्याच मैदानांनी त्याला ही सवयही लावली, की थोडं दिलं तर बिघडत नाही, शेवटी चीत करायचंच आहे.

महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यात बिघडतं. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे अर्धा मिनिट. रेषेबाहेर पाय गेला, एक गुण गेला. नुसती खडाखडी करत राहिलात, पंच ताकीद देतो, घड्याळ लावतो आणि अर्ध्या मिनिटात तुम्ही काही केलं नाही तर समोरच्याला गुण. दहा गुणांचा फरक पडला की कुस्ती तिथंच संपली. बरोबरी झाली तर कुणाचा डाव मोठ्या गुणाचा, ते बघतात. ही हिशेबाची कुस्ती आहे. किराणा दुकानासारखी, एक-एक रुपया बघायची.

बाला रफिकनं 2018 च्या डिसेंबरात आपल्या शेजारी जालन्याला जे केलं ते याच हिशेबाचं. समोर गतविजेता अभिजित कटके. बालानं त्याला चीत केलं नाही, 11-3 गुणांनी हरवलं. परभणीहून गाड्या भरून लोक गेले होते. परत येताना काही जण कुरकुरत होते की पाठ लागली नाही, मजा आली नाही. मला आजही वाटतं, आपल्या भागानं गेल्या काही वर्षांत पाहिलेली ती सगळ्यात शहाणी कुस्ती होती.

आता शिवराजकडे या. तो राजगुरूनगरचा, पण जानेवारीत खेळला नांदेडच्या नावानं. म्हणजे मराठवाड्याचा अभिमानच धरायचा तर आपण खरं त्याच्या बाजूनं ओरडायला हवं होतं, असं मामू मला चिडवतात. काका पवारांच्या हाताखाली तयार झालेला, गादीवरचा पैलवान. महेंद्रही त्याच तालमीतला. जानेवारीच्या त्याच संध्याकाळी शिवराजनं अंतिम लढतीत महेंद्रला मिनिटाच्या आत चीत केलं होतं. फुलगावात हरल्यावर तो घरी बसला नाही. त्याच महिन्यात धाराशिवला दुसऱ्या संघटनेनं भरवलेली महाराष्ट्र केसरी त्यानं जिंकली. (एका महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी, यावर वेगळं लिहावं लागेल. पैलवानांनी गदा मोजायच्या की संघटना?)

तर पुन्हा गाठ पडली, तर काय होईल?

झोळी हा डाव पकडीवर आहे. एक हात मानेवरून, दुसरा मांडीखालून, हात एकमेकांत अडकले की माणसाचं गाठोडं होतं. फुलगावात शिवराज लवकर आत आला, वाकला आणि सिकंदरला मान आणि पाय एकत्र मिळाले. सिकंदरच्या पकडीची ताकद आणि डाव ओळखायचा वेग, या दोन गोष्टींत आज महाराष्ट्रात त्याला जोड नाही, हे मी बिनदिक्कत म्हणतो. पण गादीवर शिकलेला पैलवान तीच मान दुसऱ्यांदा देणार नाही. तो मनगट धरेल, लांबून खेळेल, सिकंदरला रेषेकडे ढकलत नेईल, एक-एक गुण गोळा करेल. पहिलं मिनिट निघालं, दुसरं निघालं, की कुस्ती जानेवारीच्या वाटेला लागते. आणि त्या वाटेवर सिकंदर बदललाय की नाही, हे फुलगावच्या अर्ध्या मिनिटानं दाखवलंच नाही. साडेपाच मिनिटं शिल्लक राहिली.

बॉक्सिंगमध्ये हे सगळ्या जगानं पाहिलंय. 2019 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला अँडी रुईझनं अँथनी जोशुआला चार वेळा खाली पाडून सातव्या फेरीत संपवलं. हेवीवेटमधला एवढा मोठा धक्का कुणाला अपेक्षित नव्हता. सहा महिन्यांनी, 7 डिसेंबरला सौदीत दिरियाला परत लढत झाली. रुईझ आला तो सुमारे सात किलो वाढवून. नंतर त्यानंच कबूल केलं की जिंकल्यावर मौजमजा फार झाली. जोशुआ चार-पाच किलो उतरवून आला आणि बारा फेऱ्या लांबून डावा ठोसा मारत, सरकत राहिला. एकदाही हाणामारीत अडकला नाही. बघायला कंटाळवाणी लढत, पण पट्टे परत घेऊन गेला. हरलेला माणूस शिकायला बसतो. जिंकलेल्याला सत्कारातून वेळ मिळत नाही.

सिकंदरच्या सत्कारांचे फ्लेक्स मी आपल्याच जिल्ह्यात पाहिलेत. बोलवा जरूर. पण दर आठवड्याला नव्या गावात मिरवणूक, नव्या मैदानात इनामाची कुस्ती, आणि पुन्हा तेच, गुण नसलेलं खेळणं. मैदानं सोड असं मी त्याला कोणत्या तोंडानं सांगू? घर त्यावर चालतं, आणि गादीवरची कुस्ती पोट भरत नाही. मला एवढंच वाटतं, की त्याला लागणाऱ्या गोष्टी नवीन डाव नाहीत. त्याच्याकडे डाव पोत्यानं आहेत. त्याला हवंय ते खालचं: कंबर उतरवून उभं राहणं, रेषा पाठीमागं किती पावलांवर आहे याचं भान, आणि चौथ्या-पाचव्या मिनिटाला एका गुणानं पुढं असताना घाई न करता ती आघाडी सांभाळणं. या शेवटच्या गोष्टीचा सराव जत्रेत होत नाही, कारण जत्रेत अशी वेळच येत नाही.

माझा अंदाज विचाराल तर पहिल्या दोन मिनिटांत निकाल लागला तर सिकंदर, दहापैकी आठ वेळा. सहा मिनिटं गेली तर आज तरी शिवराज. मामू हे ऐकून घेत नाहीत. ते म्हणतात, पोरगा जानेवारीची टांग विसरला नसेल. फेब्रुवारीत तुराबुल हक बाबांच्या उरुसाला ते गावाहून येतील, तोवर कुठं ना कुठं सिकंदरच्या चार-पाच कुस्त्या झालेल्या असतील. मोबाईलवर बघताना मी चीत कोण झालं ते बघणार नाही, हात मिळवल्यावर त्याची कंबर कुठं आहे ते बघणार आहे. चहाची पैज लागली आहे.