दगड जागेवरच राहू द्या

माझे घर जबलपूरच्या रिछाईत, कारखान्यांच्या वस्तीत आहे. मे महिन्याच्या सुट्टीत घरी गेलो की दुपारी गल्लीच्या तोंडाशी टेम्पोतून बर्फाच्या लाद्या उतरताना दिसतात. हमाल आकड्याने लादी ओढत नेतात. लादीच्या तळाला बारीक खडे चिकटलेले असतात. थोड्या वेळाने बर्फ वितळतो, पाणीही वाळते, पण फरशीवर सरळ, समांतर ओरखडे उरतात. बर्फ मऊ असतो, ओरखडा काढतो तो त्यात अडकलेला खडा.

असेच ओरखडे मी चंद्रपूरजवळ पाहिले आहेत. चंद्रपूर माझे आजोळ. दोन वर्षांपूर्वी मामा मला पैनगंगेच्या पात्रात, इरई गावापाशी घेऊन गेले. तिथे चुनखडकाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झाला आहे आणि त्यावर समांतर चरे आहेत. १८७५ मध्ये फ्रान्सिस फेडन या भूवैज्ञानिकाने त्यांची नोंद केली. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी तिथून हिमनदी सरकली होती.

विदर्भात हिमनदी! मलाही आधी हसू आले होते. पण १८५६ मध्ये ओडिशातील तालचेरला ब्लॅनफर्ड बंधूंना बारीक चिखलाच्या थरात मोठाले धोंडे रुतलेले दिसले. वाहते पाणी जड आणि हलके वेगळे करते, बर्फ मात्र सगळे एकत्र नेऊन टाकतो. म्हणून त्यांनी बर्फाचे नाव घेतले. उष्ण प्रदेशात बर्फ कसा, याचे पटणारे उत्तर तेव्हा नव्हते. वेगेनर यांनी खंड सरकतात हा विचार १९१२ मध्ये मांडला. त्या बर्फाच्या काळी भारत दक्षिण ध्रुवाजवळ, इतर खंडांना जोडलेला होता. एडुआर्ड सुएस यांनी १८८५ मध्येच अशा जुन्या महाखंडाला गोंडवानालँड हे नाव दिले होते. राणी दुर्गावतींचे गढा जबलपुरात आणि गोंड राजांचा किल्ला चंद्रपुरात, म्हणजे माझ्या दोन्ही घरांच्या इतिहासातले नाव साऱ्या जगाच्या भूगोलात गेले.

आता माझी चूक सांगतो. इरईला काठावरच्या थरात एक दगड रुतलेला होता. एक बाजू सपाट, तिच्यावर चरे. मामा पुढे गेले असताना मी तो स्क्रू-ड्रायव्हरने उकरून काढला आणि विज्ञान प्रदर्शनात मांडला. मुले गोळा झाली, मी फुशारलो. मग एका सरांनी विचारले, "कुठे सापडला?"

"इरईला, सर."

"कोणत्या काठावर? सपाट बाजू वर होती की खाली? चरे कोणत्या दिशेला?"

मला एकही उत्तर देता आले नाही. कंपास वापरायला आम्हाला आठवीपासून शिकवतात. त्या दिवशी तो माझ्या बॅगेतच होता.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे. नोंद न करता उचललेला दगड म्हणजे गमावलेला साक्षीदार. आमच्या जबलपूरच्या छावणीत १८२८ मध्ये स्लीमन यांना डायनासोरची हाडे मिळाली. ती कुठली हे माहीत होते, म्हणून पुढच्या शतकात चार्ल्स मॅटली तिथल्या बडा सिमला टेकडीवर खोदकाम करू शकले. माझ्या दगडावरून कोणालाही कुठेच जाता येणार नाही.

मित्र म्हणतात, नाहीतरी पुरात तो वाहूनच गेला असता. गेला असता कदाचित. पण पूर येण्याआधी तो वाचायची संधी माझ्या हातात होती, आणि मी तो फक्त घेतला. अभ्यासक नमुने नेतात हे खरे, पण आधी ते जागा, थर आणि दिशा लिहून घेतात.

म्हणून माझी सूचना आहे. आपल्या प्रत्येक सहलीत आणि ट्रेकमध्ये प्रत्येक तुकडीने कंपास, कॅमेरा आणि एक वही न्यावी. आधी नकाशावरची जागा, मग दिशा, मग फोटो. दगडाला हात लावायचा नाही. पालकांनाही विनंती, मुलाने सुट्टीत काय आणले यापेक्षा काय पाहून लिहिले ते विचारा. जमीन वाचणे हे तर आपल्या प्रशिक्षणातच आहे, फक्त जरा खोल वाचायचे.

माझा दगड अजून प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. त्याच्या चिठ्ठीवर मी स्वतः लिहिले आहे, "नेमकी जागा माहीत नाही." येत्या सुट्टीत मी मामांबरोबर पुन्हा इरईला जाणार आहे. तो दगड आता त्याच्या जागी बसवता येणार नाही. या वेळी वही नेणार आहे.