दनसलच्या रांगेत आडनाव नाही

वेसाकच्या सुट्टीत आम्ही मालवणहून कोलंबोला गेलो होतो. खानावळी बंद. उपाशीच राहतो की काय असं वाटत असताना अनोळखी पोरांनी हाताला धरून 'दनसल'च्या, म्हणजे दानशाळेच्या, मांडवात बसवलं. भात, डाळ, सरबत, सगळं फुकट. नाव-गाव कुणी विचारलं नाही.

आमच्याकडे पाहुण्याला देव म्हणतात. पण 'तुम्ही खंयचे?' नंतर आडनाव येतं, पाण्याचा तांब्या त्यानंतर. १९०१ साली मसूर स्टेशनावरून बैलगाडीने निघालेल्या लहानग्या बाबासाहेबांना वाटेत पाणीही मिळालं नव्हतं.

लंकेतही जात आहेच. सियाम निकायात आजही गोविगमांनाच दीक्षा मिळते. दनसलच्या रांगेत मात्र ती विचारत नाहीत.

आणि आपण? बुद्धपौर्णिमेची आपली खीर वस्तीबाहेर जात नाही. यंदा मालवणच्या एसटी स्टँडवर मांडव घालूया, येईल त्याला वाढूया.