साडी पिशवीत घाला, मग लॅपटॉप घ्यायला जा

मैत्रिणींनो, हळद घेताना आपण चिमूटभर बोटांवर चोळून बघतो. साडी घेताना दुकानातल्या दिव्यावर विश्वास ठेवत नाही, दारात उजेडाला नेऊन बघतो. आणि साठ-पासष्ट हजारांचा लॅपटॉप घेताना मात्र वरचे स्टिकर वाचून पैसे मोजून मोकळ्या होतो. आमच्या घरात हेच झालं, म्हणून आज जरा कडक लिहिते आहे.

माझ्या जाऊबाई घरातूनच इरकल साड्या विकतात. फोटो काढायचे, ते नीट करून ग्रुपवर टाकायचे, हे काम पुतणीचं. तिच्या धाकट्या भावाला गेम खेळायचे होते. (कोणते खेळायचे, हा वाद वेगळा. तो रोज जेवताना होतोच.) दोघांत मिळून एक लॅपटॉप घ्यायचं ठरलं. दुकानदार म्हणाला, "गेमिंगचाच घ्या वहिनी. गेम चालतो म्हणजे फोटो तर चालणारच." स्क्रीनचे रंग कसे आहेत, असं विचारल्यावर उत्तर आलं, "१४४ हर्ट्झ आहे, एक नंबर!"

पहिल्याच महिन्यात दोन साड्या परत आल्या. लॅपटॉपवर डाळिंबी रंग फिका दिसायचा म्हणून पुतणी तो चढवायची. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर तोच लालभडक दिसायचा. हातात आली ती खरी डाळिंबी साडी, आणि गिऱ्हाईक म्हणालं, फसवलंत! कुरिअरचा जाण्या-येण्याचा खर्च आमच्या अंगावर पडला, आणि शब्द गेला तो निराळाच.

१४४ हर्ट्झ म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला १४४ वेळा बदलतं. धावपळीच्या गेमला त्याचा फायदा होतो. रंगाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. रंगासाठी वेगळा आकडा असतो आणि तो कंपनीच्या माहितीपत्रकात अगदी बारीक अक्षरांत असतो. स्वस्त गेमिंग लॅपटॉपवर बहुतेक वेळा "४५ टक्के एनटीएससी" लिहिलेलं सापडतं. फोटोच्या कामात आणि इंटरनेटवर जो रंगसंच धरतात त्याला एसआरजीबी म्हणतात, आणि तो पूर्ण दाखवायला साधारण ७२ टक्के एनटीएससी लागतं. भागाकार आपल्याला येतो. ४५ भागिले ७२, म्हणजे जेमतेम ६२ टक्के. डबा किलोचा आणि आत डाळ सहाशे ग्रॅम, असा हा प्रकार. किराणावाल्यानं हे केलं असतं तर आपण गप्प बसलो असतो का?

यावर लोक म्हणतात, "अहो, ग्राफिक्स कार्ड फोटोलाही लागतंच की." लागतं, ते मी नाकारत नाही. आजकालच्या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये दाणेदारपणा काढण्यासारखी जड कामं कार्डामुळे झटपट होतात. माझं भांडण कार्डाशी नाही. कार्डाचं नाव मोठ्या अक्षरांत छापायचं आणि किंमत बसवण्यासाठी स्क्रीनमध्ये हात आखडायचा, या चलाखीशी आहे.

आणि कार्डाच्या नावातही गंमत आहे. आरटीएक्स ३०५० हे एकच नाव, पण लॅपटॉपप्रमाणे ते ३५ वॉटपासून ८० वॉटपर्यंत मिळतं. मिक्सर घेताना ५०० वॉट की ७५० वॉट हे आपण आधी विचारतो, कारण चटणी कशी होणार हे त्यावर ठरतं. इथेही तेच विचारा. प्रोसेसरचंही तसंच. रायझन ७५२०यू हा आकडा बघून नवाकोरा माल वाटतो. त्यातला तिसरा अंक २ आहे, म्हणजे आतली रचना झेन २, २०१९ सालातली. वेष्टन नवं, माल जुना.

रॅम ८ जीबी असेल तर खिडक्या चार उघडल्या की लॅपटॉप धापा टाकतो. १६ जीबी हवीच. आज परवडत नसेल तर नंतर बसवायला रिकामी खाच आहे का, हे विचारा. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाख देऊन चिकटवलेली असते. ती जन्मभर तेवढीच.

"एवढ्या पैशांत सगळं कसं मिळणार?" हाही प्रश्न येतो. खरं आहे, नाही मिळणार. म्हणूनच काय सोडायचं हे आपण ठरवायचं, दुकानदारानं नाही. माझं मत स्पष्ट आहे. घरात ज्या कामातून चार पैसे येतात, त्या कामाला पहिलं माप. आधी पूर्ण एसआरजीबी स्क्रीन, मग रॅम, मग कार्ड. कार्ड थोडं कमी ताकदीचं असलं तर गेमची सेटिंग खाली आणून मुलगा खेळेल, त्याचं काही अडणार नाही. चुकीच्या रंगाची साडी मात्र परत येते.

ज्यांनी आमच्यासारखं घेऊन टाकलंय, त्यांनी कपाळाला हात लावून बसू नका. दहा-बारा हजारांच्या आसपास ९९ टक्के एसआरजीबीचा चोवीस इंची मॉनिटर मिळतो. एचडीएमआय वायरनं जोडायचा. आम्ही शेवटी तेच केलं. आता पुतणी मॉनिटरवरच रंग बघते.

ज्यांना अजून घ्यायचाय त्यांनी एकच करा. घरातली एक गडद रंगाची साडी दारातल्या उजेडात ठेवून तिचा मोबाइलवर फोटो काढा, आणि साडी पिशवीत घालून दुकानात जा. फोटो तिथल्या लॅपटॉपवर उघडा, शेजारी साडी धरा. दुकानदार हसेल, हसू दे. पैसे आपले जाणार आहेत.