राजधानी दाखवतो, बसा गाडीत

साताऱ्यात राजधानी भाड्यानं मिळते. इनोव्हा किंवा अर्टिगा, एसी चालू, ड्रायव्हर तोच गाईड, पाण्याची बाटली फुकट. सकाळी निघायचं आणि अंधार पडायच्या आत 'राजधानी दर्शन' उरकायचं. मी सांगलीचा. मुंबईचे पाहुणे आले की त्यांना सातारा दाखवण्याचं काम माझ्या गळ्यात पडतं. अशा गाड्यांतून मी पुरेसा हिंडलोय आणि आता गप्प बसवत नाही. या सहलीत कास असतं, ठोसेघर असतं, यवतेश्वरच्या घाटात वळणावर थांबून सेल्फी असतो. नसते ती फक्त राजधानी.

गाडी अजिंक्यताऱ्याच्या दरवाजाजवळपर्यंत जाते, त्यामुळे पाय झिजवायचा प्रश्न नाही. उतरल्यावर ठरलेलं वाक्य येतं, "साहेब, महाराज इथंच राहायचे." कोणते महाराज? "असं काय विचारताय, शिवाजी महाराज की!" पुढं भुयार. ते अजिंक्यताऱ्यावरून थेट सज्जनगडाला निघतं आणि गिऱ्हाईक जरा भाविक दिसलं तर प्रतापगडापर्यंतही पोचतं. महाराष्ट्रातल्या गाईडांनी आजवर जेवढी भुयारं खोदली तेवढे बोगदे कोकण रेल्वेलाही जमले नसतील.

शिवाजी महाराजांच्या राजधान्या राजगड आणि रायगड. साताऱ्याचं राजधानीपण नंतरचं आहे, आणि ते कुणाच्या उसन्या पुण्याईवर उभं नाही. राजाराम महाराजांनी जिंजीहून परत आल्यावर इथं गादी आणली. औरंगजेब स्वतः येऊन या किल्ल्याखाली बसला. १६९९च्या डिसेंबरपासून १७००च्या एप्रिलपर्यंत वेढा चालला. तट उडवायला पेरलेला सुरुंग उलटला आणि मुघलांचीच माणसं ढिगाऱ्याखाली गेली. किल्ला अखेर पडला, पण बादशहानं दिलेलं आझमतारा हे नाव काही टिकलं नाही. १२ जानेवारी १७०८ रोजी याच साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि पुढची एक्केचाळीस वर्षं हिंदुस्थानातल्या निम्म्या उलाढालींचे हुकूम या डोंगराच्या पायथ्यापासून सुटले. बाळाजी विश्वनाथ, पहिले बाजीराव, नानासाहेब या तिन्ही पेशव्यांना वस्त्रं दिली ती याच धन्यानं. माळवा, गुजरात, बुंदेलखंड, बाजीरावांची १७३७ सालची दिल्लीवरची धडक, सगळं यांच्याच कारकिर्दीतलं. १७४९ साली ते गेले, कारभार पुण्याला सरकला, तरी पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहूनच यायची. दुसऱ्या बाजीरावालाही ती इथूनच मागावी लागली.

एवढा ऐवज घरात असताना गाडीत शाहू महाराजांच्या वाट्याला किती येतं? त्यांच्या कुत्र्यापेक्षा कमी. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर शाहू महाराजांची समाधी आहे आणि त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचंही स्मारक आहे. गाडी थांबते ती कुत्र्यासाठी. वाघापासून त्यानं महाराजांना कसं वाचवलं, त्याला पालखीचा मान कसा मिळाला, ही कथा रंगवून सांगितली जाते. पोरंटोरं खूश, बायका "अय्या" म्हणतात, फोटो निघतात. मलाही कुत्री आवडतात. पण ज्याच्यामुळं कुत्र्याला मान मिळाला तो माणूस कोण, हे विचारलं की आपले गाईडसाहेब घड्याळाकडं बघतात. तिथूनच जवळ ताराबाईंची समाधी आहे. औरंगजेबाला अखेरपर्यंत झुंजवणारी, पुढं खुद्द नातू म्हणून गादीवर आणलेल्या रामराजालाच साताऱ्याच्या किल्ल्यात कैद करून पेशव्यांशी उभा दावा मांडणारी ही बाई. तिच्याकडं जायला पॅकेजमध्ये वेळ नसतो.

वेळ असतो पेढ्याच्या दुकानात. तिथं घाई नाही. "सावकाश घ्या मॅडम, चव बघा." कंदी पेढा उत्तम असतो, त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते कमिशनशी. दिवसाचा नकाशाच त्या कमिशननं आखलेला असतो. कुठलं हॉटेल, कुठला स्ट्रॉबेरीचा स्टॉल, कुठला 'पॉइंट', सगळं आधीच ठरलेलं. जिथं काही विकत मिळत नाही ती जागा साताऱ्याच्या इतिहासातून आपोआप गळते.

गेंडामाळ असाच गळला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी तिथं इंग्रजांनी सतरा जणांना मारलं. कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगाही होता. हे रंगो बापूजी कोण, असं मी एकदा मुद्दाम विचारलं. उत्तर मिळालं, "तानाजीच्या वेळचे असतील." प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ साली खोटे आरोप ठेवून पदच्युत केलं, काशीला पाठवलं आणि १८४७ साली ते तिथंच वारले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि चौदा वर्षं कंपनीच्या भागधारकांपुढं, पार्लमेंटच्या सभासदांपुढं कागद ठेवत राहिले. इकडं १८४८ साली डलहौसीनं दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केलं. झाशी, नागपूर नंतर. तो खेळ सुरू झाला साताऱ्यापासून. या एका माणसावर चार तासांची सहल उभी राहील, पण त्याच्या नावाचा पेढा निघत नाही ना!

ज्या लंडनच्या रस्त्यांवर रंगो बापूजींनी जोडे झिजवले, तिथल्या काळ्या टॅक्सीवाल्याला परवान्यासाठी २५ हजारांच्या आसपास रस्ते आणि त्यावरच्या जागा तोंडपाठ म्हणून दाखवाव्या लागतात. आणि तो बिचारा गाईडही नसतो, नुसता ड्रायव्हर! आपल्याकडं परवाना देताना गाडीची चाकं बघतात. ड्रायव्हरच्या तोंडातून दिवसभर काय बाहेर पडणार ते कुणी तपासत नाही.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या शिवाजी महाराज संग्रहालयात आली, तेव्हा या धंद्याला सुगीच आली. "अफझलखानाला फाडलं ती हीच!" खुद्द त्या लंडनच्या म्युझियमचं म्हणणं असं, की ही तीच आहेत याची खात्री देता येत नाही. ती आली तीही ठरावीक मुदतीच्या उसनवारीवर. आणि ती तिकडं गेली कशी? साताऱ्याचा पहिला इंग्रज रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडून. पेशवाई बुडाल्यावर हा माणूस साताऱ्यात बसून कारभार बघत होता, आपले कागद चाळत होता, आणि १८२६ साली त्यानं मराठ्यांचा इतिहास लिहून आपल्याला आपली ओळख करून दिली. आपल्याच राजधानीतून गेलेली वस्तू आपण पाहुणी म्हणून आणली आणि बंदोबस्तात रांग लावून बघितली. याहून भेदक गोष्ट गाईडला कुठं मिळणार? पण त्याला 'खरी की खोटी' या प्रश्नातच धोका दिसतो. गिऱ्हाईक नाराज होईल. आणि हल्ली नाराज गिऱ्हाईक नुसतं कमी पैसे देऊन थांबत नाही.

राजवाड्यापाशी तर कमाल होते. प्रतापसिंहांनी बांधलेल्या या जुन्या वाड्यात पुढं सरकारी शाळा भरली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सुभेदार रामजींनी आपल्या धाकट्या मुलाला, भिवाला, साताऱ्याच्या याच शाळेत घातलं. राज्यघटना लिहिणारा माणूस राजाच्या वाड्यात पाटी घेऊन येतो आणि त्याला वर्गात बाजूला बसवलं जातं! राजधानीचा उतरता आणि चढता काळ एका इमारतीत सापडतो. गाडीतून काय ऐकू येतं? "इथं पार्किंगचा लई त्रास आहे साहेब, लांबूनच बघा."

आता आमच्या सांगलीकरांनी हसू नये. आमची सहल गणपती मंदिर आणि भडंग यात आटोपते. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी मिरजेतून फुटून १८०१ साली इथं राजधानी वसवली, हे आमच्या रिक्षावाल्यालाच काय, नगरसेवकालाही धड सांगता येणार नाही. सातारा नि सांगली अशी दोन पॅकेजं विकणाऱ्यांना आणखी एका गोष्टीचा पत्ता नसतो. १९४९ साली दक्षिण सातारा, म्हणजे आजचा सांगली जिल्हा, वेगळा होईपर्यंत वाळवा, तासगाव, शिराळा सगळं साताऱ्यातच होतं. त्या साताऱ्यात १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. औंध संस्थानातल्या कुंडलला त्याचं मोठं ठाणं होतं. गावोगाव न्यायमंडळं बसत, तुफान सेना गुंडांचा बंदोबस्त करी, हुंड्याशिवाय लग्नं लागत. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी अडवून लुटली. वाड्याविना, सिंहासनाविना राज्य कसं चालवतात ते बघायचं तर कुंडलला चला, असं सांगणारा एक गाडीवाला मला अजून भेटायचाय.

यावर त्यांचं उत्तर पाठ आहे, "एवढं सांगितलं तर लोकं बोअर होतात, साहेब." साफ खोटं. याच जिल्ह्यात माणसं रात्रभर कीर्तनाला बसतात, शाहिराला 'पुन्हा' म्हणतात, निवडणुकीचं भाषण दोन तास उन्हात ऐकतात. ती बोअर होतात ती तेच तेच ऐकून. पण मागच्या सीटवरचेही काही साधे नाहीत. काचा वर, मोबाईल खाली, आणि ड्रायव्हरनं 'महाराज' म्हटलं की एकदा हात जोडले, झाली राजधानी बघून. त्यांना भुयारच हवं असतं, कारण भुयारावर प्रश्न विचारावे लागत नाहीत.

माझ्यापुरता मी एक नियम केलाय. गाडी ठरवताना दर विचारायच्या आधी विचारतो, दुसऱ्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रं कुठून आली? "पुण्यातनं" असं उत्तर आलं, की भाडं फक्त किलोमीटरचं. गाईडचे पैसे मागितले तर पावती मागतो.